माद्यांच्या खोलीतले दिवे

कार्तिगै, म्हणजे तंजावुराकडची दिव्यांची पौर्णिमा, जवळ आली की आमच्या रस्त्याच्या तोंडाशी पणत्यांचे ढीग पडतात. इकडच्या हिवाळी पावसाने नुकती कुठे उसंत घेतलेली असते. गटारं तुडुंब असतात, राजवाड्याच्या भिंतीला हिरवं शेवाळ धरलेलं असतं, आणि त्या ओलीतच गोणपाटं टाकून कुंभारणी बसतात. लोकांना हे सगळं फार आवडतं. शेजारची सून दरवर्षी त्या ढिगांचे फोटो काढून मुंबईतल्या बहिणीला पाठवते. मला मात्र पणत्या पाहिल्या की राग येतो. उगाच खोटं कशाला बोलू? तीस वर्षं होत आली, तरी येतो. वय वाढलं की माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळले नाही, आणि निवळायचं कारणही मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

परवा त्याच सुनेने विचारलं, "इंदु अक्का, तुमच्या परसांत, माडीवर, कुठेंच दिवा नसतो कीं. कार्तिगैला एकही खोली अंधारांत ठेवूं नये म्हणतात ना?" मी म्हटलं, "देवापाशीं एक लावतें. बाकी घराला झोपूं दे." ती हसली. म्हातारीला खोड आहे, असं घरी जाऊन सांगितलं असेल. सांगू दे. अंधार या गोष्टीबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं या रस्त्यावर कुणाला माहीत नाही, आणि ते शिकायला मी जी किंमत मोजली तीही कुणाला माहीत नाही.

मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मध्ये, मागच्या अंगाला, एक ग्रंथी असते. पिनिअल. उंदरात ती मोहरीच्या दाण्याएवढी भरते. अंधार पडला की ही ग्रंथी कामाला लागते, मेलाटोनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. उजेड झाला की गप्प होते. रात्र किती लांब आहे, म्हणजे ऋतू कुठला चालू आहे, हे ती सगळ्या शरीराला कळवत राहते. थंड मुलखातल्या मेंढ्या ठरावीक ऋतूतच माजावर येतात त्या हिच्या सांगण्यावरून. आम्हाला शिकवलेलं ते एवढंच. ग्रंथी वर बसून हुकूम देते, खाली अंडाशय तो पाळतो. वर्गात फळ्यावर एक बाण काढायचे, वरून खाली जाणारा.

मला उलटा बाण सुचला होता. त्यात माझी काही मोठी बुद्धी नव्हती, जगात इतरत्र लोक त्यावर काम करतच होते. अंडाशयातून इस्ट्रोजेन निघतं, प्रोजेस्टेरॉन निघतं, ती रक्तातून सगळीकडे फिरतात. मग त्या मोहरीएवढ्या ग्रंथीजवळून जाताना ती काय मान खाली घालून जातात? मादी नराला घ्यायला तयार होते त्या रात्री, आणि एरवीच्या रात्री, ग्रंथी सारखंच मेलाटोनिन करते का? अंडाशय काढून टाकले तर? काढून वरून इस्ट्रोजेन दिलं तर? आज कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे: उंदराच्या मादीत त्या तयारीच्या रात्री मेलाटोनिन घटतं, अंडाशय काढले की वाढतं, हार्मोन दिलं की परत उतरतं. म्हणजे खालून वर बाण जातो. तेव्हा तंजावुरात बसून हे आपल्या हातांनी पाहायची मला हौस होती, आणि ती हौस मी माझ्या गाइडना बोलून दाखवली.

सर आमच्यातलेच, म्हणजे इथल्याच मराठी घरातले. तिरुवैयारूला कावेरीकाठी त्यांचं घर, थोडी शेती, आणि कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचं मुख्यपद. माझ्या आईला त्यांचा केवढा आदर! "एवढा मोठा माणूस, आमच्यांतला, तुला शिकवितो," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. सर नाकाने कांदे सोलणाऱ्यांपैकी होते. कपाळाला गंध, खिशात दोन पेनं, आणि अंधश्रद्धेवर तमिळमध्ये जोरदार भाषण.

"मादी नको, इंदु," ते म्हणाले. "मादी म्हणजे नुसती कटकट. आज एक आंकडा, चार दिवसांनीं दुसरा. ग्राफ म्हणून कांहीं राहत नाहीं. नर घे. नर सदा एकसारखा."

"सर, तो बदलच तर मला मोजायचा आहे."

"मग मोज. पोरींचें पोरींनींच बघावें," ते म्हणाले, आणि शेजारी उभे असलेले दोघे लेक्चरर हसले. त्या हसण्यावर मला परवानगी मिळाली.

ते दिवस हावरे होते. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उगवले होते, गच्चीगच्चीवर केबलच्या तारा लोंबत होत्या, आणि कालपर्यंत खादी घालणारे प्राध्यापक विदेशी कंपन्यांची नावं मुखोद्गत म्हणत होते. अमेरिकेत मेलाटोनिनच्या गोळ्या झोपेसाठी दुकानांतून सर्रास विकायला लागल्या होत्या. ही बातमी सरांच्या हाती लागली आणि आमच्या गरीब विभागातली ती मोहरीएवढी ग्रंथी अचानक सोन्याची झाली. मद्रासची एक औषध कंपनी त्यांच्याशी बोलणी करत होती. कंपनीला स्वच्छ, सरळ रेघ हवी होती: अंधार, मेलाटोनिन, झोप. त्या रेघेत बाईचं शरीर येऊन कडमडत होतं. महिन्याच्या कुठल्या दिवशी गोळी घेतली यावर परिणाम बदलतो की काय, असा प्रश्न गिऱ्हाइकाला पडलेला कुठल्या दुकानदाराला आवडेल? हे सगळं मला आता इतकं स्पष्ट दिसतं. तेव्हा मला वाटायचं की सर नुसते जुनाट आहेत.

घरी तरी काय वेगळं होतं! महिन्याचे ते दिवस आले की मी मागच्या खोलीत. वेगळी चटई, वेगळा लोटा, आणि आई दोन हात लांबून ताट सरकवायची. त्या खोलीतून मी सरळ सायकलवर बसून कॉलेजात जायची आणि तिथे उंदराच्या माद्यांचे तेच दिवस सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. घरी ज्याला विटाळ म्हणत, त्याला विभागात डेटातला गोंधळ म्हणत. दोन्हीकडचा चेहरा मात्र सारखाच असायचा, नाक जरा वर ओढलेला. मी आईला एकदा म्हटलं, "मी तिथें रोज हेंच बघतें, मग माझी खोली वेगळी कशाला?" ती म्हणाली, "उंदीर आमच्या देवघरांत येत नाहींत." 

रोज सकाळी एकेका मादीला डाव्या हातात धरायचं, अंगठ्याने मानेशी हलकंसं दाबून, आणि ड्रॉपरने मिठाच्या पाण्याचा थेंब योनीत सोडून परत ओढून घ्यायचा. तो थेंब काचेवर. पेशी गोल, मध्ये ठिपका असलेल्या दिसल्या म्हणजे ती आज तयारीत आहे. कोरड्या, पत्र्याच्या तुकड्यांसारख्या दिसल्या म्हणजे वेळ आली. मग पांढऱ्या पेशींची गर्दी, म्हणजे गेली. चार-पाच दिवसांत फेरा पुरा. माझ्या बोटांना तो वास कायमचा बसला होता, भुसा, मूत आणि फॉर्मलीन. जेवताना आई हात हुंगायला लावायची. मला तो वास आवडायला लागला होता हे मी तिला सांगितलं नाही.

उंदरांचा दिवस मी उलटा केला होता. खिडक्यांना काळं कापड, दाराला आतून दुसरा पडदा. दुपारी बाराला खोलीतले दिवे बंद, मध्यरात्रीला घड्याळावर आपोआप चालू. म्हणजे बाहेर संध्याकाळचे सहा वाजत तेव्हा माझ्या माद्यांची ऐन मध्यरात्र असे. आत मी एका मंद लाल बल्बवर काम करायची. उंदरांना तांबडा उजेड जवळजवळ दिसत नाही. बाहेर पाऊस कोसळायचा, कावेरीच्या पाटांना पूर यायचा, आणि मी त्या काळ्या खोलीत माद्यांचं खुडबुडणं ऐकत बसायची. मला इतकं सुख फार ठिकाणी मिळालेलं नाही.

शेवटच्या दिवसासाठी मी कार्तिगै निवडली. सुट्टी, इमारत रिकामी, आवाज नाही. त्या सकाळी काचेवर पाहिलं तर हव्या तेवढ्या माद्या एकाच टप्प्यावर, तयारीत. असं सारखं घडत नाही. संध्याकाळी सहाला त्यांचा जीव घ्यायचा, ग्रंथी काढून बर्फावर ठेवायची आणि त्यातल्या द्रव्याचं माप घ्यायचं. हो, जीव घ्यायचा. ज्यांना ऐकवत नाही त्यांनी आपल्या गोळ्या कुठून येतात ते विचारून पाहावं. पण ज्याचा जीव घ्यायचा त्याच्या बाबतीत हलगर्जीपणा करायचा नाही, एवढं मी मानत होते. म्हणून आदल्या दिवशी सरांच्या टेबलासमोर उभी राहून मी नीट सांगितलं: संध्याकाळी सहाला मोजणी आहे, त्या आधी माझ्या खोलीत उजेडाचा कण जायला नको. पिनिअलमधलं ते काम उजेड पडताच काही मिनिटांत ओसरतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी मान हलवली. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असायची.

बर्फ आणायला मी मासळीबाजाराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात गेले. भुशात गुंडाळलेली लादी गोणीत घालून सायकलच्या कॅरिअरला बांधली. रस्त्यात दारोदारी कोलमच्या रांगोळ्या, पणत्यांच्या रांगा, गुळातल्या चुरमुऱ्यांच्या लाडवांचा वास. गोणी ठिबकत होती आणि मी गुणगुणत होते. इतकी खूश मी होते, हे आठवलं की अजून जास्त राग येतो.

विभागाच्या पायरीवर पणत्या होत्या. व्हरांड्यात होत्या. सरांच्या पत्नी, सगळ्यांच्या कमला मामी, दर कार्तिगैला येऊन विभागात दिवे लावतात हे मी ऐकून होते. लावोत बापड्या, मला काय. मग माझ्या खोलीचं दार दिसलं. सताड उघडं. काळा पडदा बाजूला सारून खुंटीला नीट अडकवलेला. आत पिंजऱ्यांसमोर तांदळाच्या पिठाचा कोलम आणि त्यावर तुपाच्या पणत्यांची रांग, आणि मामी शेवटची वात पुढे सारत होत्या. सगळ्या माद्या भुसा सोडून कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या, डोळ्यांत ज्योती.

तळपायाची आग मस्तकाला गेली. मी गोणी खाली टाकली, गुडघे टेकले आणि पणत्या फुंकल्या. तोंडाने. एक, दुसरी, सगळ्या. धूर माझ्या नाकातोंडात गेला.

मामी भिंतीला टेकल्या. "अय्यो! तोंडानें?" एवढंच म्हणाल्या. आमच्यात साधा दिवासुद्धा फुंकत नाहीत; फुलाने शांत करतात. आणि हे तर कार्तिगैचे. मी ओरडले, "बाहेर जा मामी! आत्ताच्या आत्ता!" एवढ्या मोठ्या बाईला. त्या टोपली तिथेच सोडून गेल्या. बर्फ खोलीभर वितळत राहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. तेच दोघे लेक्चरर होते, आता हसायला तयारच. मी म्हटलं, सर, सगळं वाया गेलं. चार-पाच दिवसांत माद्या परत त्याच टप्प्यावर येतील, इस्ट्रोजेन थोडं शिल्लक आहे, मला एकदाच पुन्हा करू द्या. ते खुर्चीत मागे रेलले.

"तुझ्या ते दिवस चालू होते कीं काय? पोटांतल्या हार्मोनचा डोक्यावर परिणाम! बघा, हिचा सिद्धान्त सिद्ध झाला!"

मी तिथेच उभी राहिले. चेहऱ्याला काय झालं होतं ते मला माहीत नाही, पण हात मागे बांधून घेतले होते एवढं आठवतं.

"माझ्या घरच्या लक्ष्मीचे दिवे फुंकलेस. आधीं तिची माफी माग. ती म्हणाली तर बघूं. पोंगलनंतर ती खोली मला नरांना लागेल." हा घाव मला फार लागला, कारण त्यात वाट ठेवली होती. पुन्हा एक संधी, तीही एका बाईच्या हातात.

आईने रात्रभर रडून सकाळी ताट तयार केलं. विड्याची पानं, नारळ, फुलं, हळद-कुंकू. "पाय धर. दुसरें कांहीं बोलूं नको." दोन दिवस मी ताटाला हात लावला नाही. माझ्या मते गुन्हा मामींचा होता. शिकलेल्या माणसाच्या घरात राहून इतकं अडाणी कुणी कसं असू शकतं! तिसऱ्या दिवशी मला माद्यांची आठवण झाली. त्या परत फेऱ्यात येत होत्या, त्यांना आमच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. मी ताट पिशवीत घातलं आणि तिरुवैयारूची बस धरली.

बाहेर सांबा हंगामाचं भात पोटरीला आलेलं, शेतात कडेपर्यंत पाणी, बगळे. बसच्या छपरावर कुणाच्या तरी मोपेडची चाकं बांधत होते म्हणून उशीर झाला. मला सगळ्याची चीड येत होती, त्या हिरव्या रंगाचीसुद्धा. त्या प्रदेशाला सुंदर म्हणणाऱ्यांनी तिथे एकदा माफी मागायला जाऊन बघावं.

मामी ओट्यावर अवरा, म्हणजे वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून घाबरल्या, मग ताट बघून सावरल्या. मी वाकले.  त्यांनीच माझा दंड धरून बाजूला बसवलं.

"मलाही झोप नाहीं गे," त्या म्हणाल्या. "तुझें काम गेलें म्हणतात. मला काय ठाऊक? दर वर्षीं मी विचारतें, उंदरांच्या खोलींत एक ठेवूं कीं? 'खबरदार' म्हणतात. उजेड लागला तर सगळें जाईल म्हणतात. म्हणून त्या दाराला मी कधीं हातही लावला नाहीं. या वर्षीं त्यांनीं आपणहून किल्ली दिली."

मी शेंगांकडे बघत होते.

"म्हणाले, इंदूच्या खोलींत आधीं लाव. सहाच्या आंत लाव. पडदा पुरा उघड, लक्ष्मी आंत येऊं दे. मला किती बरें वाटलें! म्हटलें, एवढ्या वर्षांनीं देवावर मन आलें यांचें."

मी वर बघितलं.  मामींनी माझं तोंड पाहिलं आणि हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. त्या काही पिनिअल शिकल्या नव्हत्या. नवरा मात्र त्यांना पाठ होता. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ते चढत गेलेलं मी पाहिलं, आणि मला वाटलं की आपण इथून पळून जावं.

तेवढ्यात सर दारात आले. अंगात बनियन, हातात पेपर. माझ्याकडे, ताटाकडे बघून समाधानाने म्हणाले, "आलीस? बरें झालें. कमला, फिल्टर कापी आण."

मामी म्हणाल्या, "दर वर्षीं नको म्हणत होतां. या वर्षीं कां सांगितलेंत?"

"काय?"

"दिवा. हिच्या खोलींत. कां सांगितलेंत?"

सरांनी मला पाहिलं. मग तमिळमध्ये, मी परकी असल्यासारखं, म्हणाले की बाहेरच्या पोरींसमोर घरातल्या बाईने तोंड उघडायचं नसतं. आणि मला मराठीत: "तुझें काम संपलें. खोलीची किल्ली उद्यां ऑफिसांत दे." झालं. इतक्या वर्षांचं काम, पदवी, सगळं त्या एका वाक्यात. मी नंतर शाळेत शिकवलं, मुलींना तो खालून वर जाणारा बाण फळ्यावर काढून दाखवला, पण तेवढंच.

मी चपला घातल्या. सर पेपर उघडून झोपाळ्यावर बसले. "कमला, कापी," ते परत म्हणाले. मामी जागच्या हलल्या नाहीत. शेंगांचं सूप मांडीवर होतं, हात त्यात होते, आणि नजर सरळ त्यांच्यावर. तिसऱ्यांदा हाक मारताना सरांचा आवाज बारीक झाला, तो मला रस्त्यापर्यंत ऐकू आला, आणि त्याला कुणीच उत्तर दिलं नाही.